आधी बल्ब धर, मग पाना

पाना खाली ठेव. ठेव म्हटलं ना. आणि तो पुठ्ठ्याचा खोका इकडे सरकव, मला सगळं बघू दे.

नवी कॉइल. नवे चार प्लग. कंडेन्सर, पॉइंट, कार्बोरेटरचा किट, अख्खा पेट्रोल पंप आणि मंगळवारी आणलेली बॅटरी. किती झाले एकूण? मोठ्याने बोल. चौदा हजार. चौदा हजार रुपये आणि चार रविवार घालवलेस, आणि तुझ्या आजोबांची फियाट दिवाळीला जिथे उभी केली होती तिथेच, जिन्याशेजारी, उभी आहे. वहिनी, माझा चहा इथेच ठेवा. ह्याला नको. हा आधी उत्तरं देणार आहे.

फोनवर मला काय म्हणालास? "सर, सगळं बदलून बघितलं." त्यातलं 'बदललं' मला मान्य आहे, खोका समोर आहे. 'बघितलं' ते कुठे आहे? ह्या महिनाभरात गाडीत बघितलेली एक गोष्ट मला सांग. सेल्फ मारताना हेडलाइट लावून ठेवला होतास? तो मंद झाला, साफ विझला, की होता तसाच राहिला? माहीत नाही. कॉइलची मधली वायर काढून इंजिनाजवळ धरलीस? करंट निळा पडतो, पिवळा पडतो, की पडतच नाही? माहीत नाही. एअर फिल्टर उतरवून कार्बोरेटरच्या नरड्यात डोकावलास, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोलची बारीक धार येते का ते? तेही नाही. पण कार्बोरेटर मात्र सोडवलास, धुतलास, त्यात नवे जेट घातलेस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तीन वर्षं माझ्या कार्यशाळेत होतास तू. इग्निशनच्या सर्किटची आकृती इतकी सुबक काढली होतीस की मी ती पुढच्या बॅचला दाखवली. दहापैकी नऊ मार्क दिले होते. ते परत घ्यायची सोय असती तर आज इथे, जिन्याखाली, घेतले असते.

बंद पडलेल्या पेट्रोलच्या इंजिनाला विचारायच्या गोष्टी चारच. सेल्फ तुला नीट फिरवतो का, प्लगला करंट मिळतो का, पेट्रोल पोचतं का, आणि सिलिंडरात हवा दाबली जाते का. वेळ चुकली तर ह्यातलंच काहीतरी अवेळी होत असतं. पाचवं काही नाही. ह्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. १९६८ साली कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे. विचारलं तर सांगतं. तू विचारलंच नाहीस, कारण विचारलं की उत्तर समजून घ्यावं लागतं. नवा पार्ट मागवायला काही समजावं लागत नाही, फक्त बाबांचं कार्ड लागतं.

हा माझा बल्ब. बारा व्होल्टचा, इंडिकेटरमधला. त्याला दोन वायरी आणि एका टोकाला चिमटा, बस. चिमटा इंजिनाला लाव. दुसरं टोक कॉइलच्या त्या स्क्रूला टेकव, जिथून बारीक वायर डेल्कोकडे जाते. किल्ली फिरव. काय दिसतं? काही नाही. बरोबर. आता गाडी टॉप गिअरात टाक आणि हळूहळू पुढे ढकल, म्हणजे इंजिन फिरेल. अजून. अजून थोडी. बल्ब एकदाही लागला? नाही. लागायला हवा होता. पॉइंट उघडले की लागणार, मिटले की विझणार, असा लुकलुकत राहायला हवा होता. आता डेल्कोकडे जाणारी ती बारीक वायर कॉइलवरून सोडव आणि पुन्हा टेकव. लागला! म्हणजे किल्लीपासून कॉइलपर्यंत वीज येते, कॉइलच्या आतून पलीकडेही येते. ती वायर जोडली रे जोडली की डेल्कोत कुठेतरी बॉडीला लागते आणि संपते. किती वेळ गेला ह्याला? माझ्या चहावर अजून साय धरलेली नाही.

आता कॉइलला हात लाव. गरम आहे ना? सकाळपासून किल्ली चालू ठेवून खटपट करतोयस. का गरम झाली, सांग. आकृती तूच काढली होतीस. कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून प्रवाह वाहतो, आतल्या लोखंडाचं चुंबक होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबक कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ठिणगी वीज जोडल्यावर पडत नाही, तोडल्यावर पडते. हे वाक्य मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचो, आठवतं? तुझ्या गाडीत गेले तीन आठवडे वीज तुटतच नाहीये. नुसती वाहतेय. बारा व्होल्ट, कॉइलचा रोध साधारण तीन ओहम. चार अँपिअर. किल्ली रात्रभर चालू राहिली तर दहा तासांत चाळीस अँपिअर-तास. एवढ्या गाडीची बॅटरी केवढी असते? तेवढीच, जवळपास. गेल्या रविवारी रात्री किल्ली काढली होतीस? आठवत नाही. मला आठवतं, सोमवारी सकाळी तुझा फोन आला होता, "सर, आता बॅटरीपण गेली." ती गेली नव्हती. तू ती उपसलीस. चार्जिंगला टाकली असतीस तर दुसऱ्या दिवशी परत उभी राहिली असती. तू नवी आणलीस.

बरं, डेल्को म्हणजे काय रे? मेकॅनिक म्हणतात म्हणून म्हणतोस. म्हणायला हरकत नाही, मीही म्हणतो. पण नाव कुठून आलं? चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसाने डेटन शहरात कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. तिच्या आद्याक्षरांचं डेल्को झालं. बॅटरीवरच्या इग्निशनपाठोपाठ १९१२ च्या कॅडिलॅकला त्यांचा विजेचा सेल्फ आला. त्याआधी इंजिन उलटं झटकलं की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. डेटनमधलं ते नाव आपल्या गॅरेजांत येऊन असं रुळलं की आता ते डिस्ट्रिब्युटरचं आपलंच नाव वाटतं. ज्या डबीत तू स्क्रू ड्रायव्हर घालून वाटेल तसं उचकटलंस, ती तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा वीज तोडते. शंभर वेळा. आणि तोडणारी फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी. तू ती कशाने मोजलीस? डोळ्याने. छान.

टोपी काढ. हे पॉइंट तू बसवलेस. त्यांची स्प्रिंग आणि वायरीचं टोक ज्या खुंटीला अडकवलंय, तिथे स्प्रिंग आणि पट्टी यांच्या मध्ये काय असायला हवं? बघ नीट. काही नाहीये ना? खोका दे. तळाशी चाचप, त्या प्लगच्या पाकिटाखाली. हा काय! तपकिरी, फायबरचा, मसुराएवढा वायसर. हा तुझ्या हातात उरला, आणि तुला वाटलं जास्तीचा असेल. कारखान्यातल्या माणसांना तुझी दया येऊन त्यांनी एक वायसर वर घातला होता का? हा स्प्रिंगला पट्टीपासून वेगळं ठेवतो. तो नसला की पॉइंट उघडू देत नाहीतर मिटू देत, वीज सरळ बॉडीला. कॉइल तापत राहते, बॅटरी बसते, आणि मुलगा पेट्रोल पंप बदलतो.

तोंड पाडू नकोस, अजून अर्धंच झालंय. हा बिघाड पहिल्या रविवारी नव्हता. हा तू दुसऱ्या रविवारी घातलास. मग पहिल्या रविवारी बॅटरी चार्ज करून आणली होतीस, सेल्फ दणकून फिरत होता, तरी गाडी का लागली नाही? तू एका दिवसात पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग बदलून मोकळा झालास. त्यातल्या एकाने काम झालं असतं तरी कोणत्या एकाने ते तुला जन्मात कळलं नसतं. एका वेळी एक वस्तू हलवायची आणि थांबून बघायचं, हे पहिल्या सेमिस्टरमध्ये सांगितलं होतं. तुझं नशीब एवढंच की तू पसारा आवरत नाहीस. जुने पार्ट भंगारात गेले नाहीत, म्हणून आपण ते आता वाचू शकतो.

जुने प्लग घे. टोकाचं चिनीमातीचं बोंड कसल्या रंगाचं आहे? बिस्किटाच्या. काजळी नाही, पांढरंफटक पडलेलं नाही. आजोबा गाडी चालवत होते तोवर पेट्रोल-हवेचं प्रमाण उत्तम होतं, म्हणजे कार्बोरेटर उघडायचं कारण निदान पहिल्या दिवशी नव्हतं. आता जुने पॉइंट. एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला टेकाड दिसतंय का? नाही. कंडेन्सर बिघडला की धातू एका टोकावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसतो. इथे तसं नाही, म्हणजे कंडेन्सर ठणठणीत होता. पण ही राखाडी साय बघ, दोन्ही टोकांवर. आठ-नऊ महिने गाडी हलली नाही, त्यात ह्या पावसाची ओल. मिटलेल्या पॉइंटमध्ये इतका पातळ गंज धरला की नखाने जाणवणार नाही, पण वीज अडवायला तो पुरतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बल्बवर ठेव. नवे पॉइंट काढ आणि हे जुने, असेच मळके, वायसरासकट बसव. वायर जोड. किल्ली. बल्ब? लागलाय. गाडी ढकल. लागलेलाच आहे, विझायला तयार नाही. डोळ्याला पॉइंट मिटलेले दिसतात, बल्ब म्हणतो मिटलेले नाहीत. आता किल्ली बंद कर आणि हा बारीक पॉलिश पेपर एकदा, फक्त एकदा, हलक्या हाताने फिरव. मग ती लग्नपत्रिका दे, त्या मीटरच्या पेटीवर पडलीय ती. तिचा कोपरा फाडून पॉइंटमध्ये धर आणि ओढ, म्हणजे पेपरची भुकटी निघेल. तेल लावायचं नाही, बोट लावायचं नाही. किल्ली. ढकल. लुकलुकला!

हा तुझा पहिल्या रविवारचा बिघाड. खर्च, पत्रिकेचा एक कोपरा.

आणि आता मला खरोखर राग आलाय ती गोष्ट. इकडे ये. टाकीकडून पंपाला येणारी ही रबरी नळी वाकव. भेगा दिसल्या? बोटाला चिकट लागतंय? एवढं सगळं बदललंस आणि शे-दोनशे रुपयांची ही नळी तशीच ठेवलीस, कारण ती 'पार्ट' वाटत नाही. २०२३ पासून आपल्याकडे पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. १९६८ ची गाडी घडवणाऱ्यांनी ते स्वप्नातही धरलं नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमकं जिथून नळी ओढते तिथे. नऊ महिन्यांचं पेट्रोल आहे टाकीत. वास घेतलास? वॉर्निशसारखा येतोय. काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरायचं, हेही कुणी सांगायला हवं होतं?

आणि अशी गळकी नळी असताना गेल्या रविवारी तू कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारत होतास. नाही म्हणू नकोस, बोनेटच्या आतला रंग सांगतोय. इंजिनाने एकदा उलटा भपकारा टाकला असता तर हातात बाटली, समोर आग, वर लाकडी जिना आणि त्यावर तुझी आजी. ठिणगी येत नव्हती म्हणून वाचलास. तुझ्या चुकीने तुझाच जीव वाचवला, असा विद्यार्थी मी पहिल्यांदा बघतो. पुन्हा असं केलंस तर माझ्याकडे यायचं नाही. मी गंमत करत नाहीये.

ह्याच इंजिनाच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ह्या मुंबईत कुणी चालवल्या? शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीवाल्यांपैकी कितीजणांनी सर्किटची आकृती काढली असेल? पण गाडी थांबली की पहिला विचार असायचा, थांबली कशी? झटक्यात मेली की आचके देत मेली? झटक्यात गेली तर वीज बघ, आचके दिले तर पेट्रोल बघ. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात थांबली तर पंपात पेट्रोलची वाफ झालीय हे त्याला ठाऊक असायचं. तो ओलं फडकं पंपावर टाकायचा, लांब जाऊन बिडी ओढायचा आणि परत येऊन निघायचा. जुलैत थांबली तर डेल्कोची टोपी काढून आतून कोरडी पुसायचा. कुणी कार्बोरेटर ऑनलाइन मागवला नाही.

आणि मला काय दाखवत होतास मघाशी मोबाइलवर? पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, २०२१ चा नियम आहे, नव्या नोंदणीला वीस हजार फी. मला माहीत आहे. गाडी मूळ रूपात हवी, हेही त्याच नियमात आहे, ते वाचलंस? हा नवा पंप ज्या गाडीचा आहे त्या गाडीचं नाव पाकिटावर लिहिलंय, वाच. जुना पंप पुन्हा बसव. त्याचा डायफ्राम आपण बदलू, तेवढा मी देतो. कॉइलही जुनीच. नव्या वस्तू डिकीत ठेव. कधीतरी रस्त्यात लागतील आणि तेव्हा तुला त्या खरंच लागल्यात की नाही ते कळेल.

आता जा, कोपऱ्यावरच्या दुकानातून दीड मीटर पेट्रोलची नळी आण. इथेनॉलला टिकणारी, असं स्पष्ट सांगून. दोन चिमटेपण. येताना पाच लिटरच्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल. आणि फिलर गेज शेजारच्या गॅरेजातून मागून आण, विकत नको. मी बसतो.

आलास? नळी दाखव. ठीक. जुनं पेट्रोल सगळं निथळलं? पंप बसला? पॉइंटची फट किती ठेवलीस? पॉइंट पाच? मग मी पॉइंट चार पाच का सांगितली होती? हं, आता बरोबर. प्लगच्या वायरी बघ. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. मघाशी तिसऱ्याची दुसऱ्याला होती, तू ती कधी अदलाबदल केलीस ते मला विचारायचंसुद्धा नाही. ओले प्लग पुसून वाळवलेस? टोपीच्या आतून कोरडं फडकं फिरव. चिमटा काढ, बल्ब माझ्या खिशात दे.

बस आत. न्यूट्रल. चोक अर्धा ओढ. सेल्फ दहा सेकंदांच्या वर नाही. लागली नाही तर थांबायचं, मला विचारायचं आणि मग पुन्हा. अ‍ॅक्सिलरेटरला हात— पाय लावायचा नाही. फिरव.

थांब. थांब, थांब! पाय कुठे आहे तुझा?